दोन गंज आणि बिटाचं सूप

हातातला चहा आधी खाली ठेवा. नाही, खरंच ठेवा. हा किस्सा सांगताना समोरच्याच्या हातात काही पातळ दिसलं की मला अजून धास्ती वाटते. आणि आधीच सांगतो, यात दोष द्यायला दुसरं कोणी शोधू नका. जो काय गाढवपणा झाला तो सगळा माझा आहे.

मला एक रोग आहे. मला बसवत नाही. म्हणजे मूळव्याध वगैरे नाही हो, तसं काही नाही. पण एका जागी टेकलो की हात शिवशिवतात. समोरची वस्तू उचलून दुसरीकडे ठेवावी वाटते, कुणाचं झाकण उघडून बघावं वाटतं, कुणाला तरी दोन शब्द सुनवावे वाटतं. तुमसरच्या बाजारात माझं धानाच्या अडतीचं दुकान आहे, तिथं हे खपून जातं. पोत्यात हात घाल, मूठभर धान तळहातावर चोळ, हमालाला हाक मार, गाडीवाल्याशी भांड. संध्याकाळ कधी झाली कळत नाही.

पण मागल्या वर्षी माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, आता महिनाभर दुकान नाही, वजन उचलणं नाही, घरी नुसता आराम. आता मला सांगा, मासोळीला कुणी पाण्याबाहेर आराम करायला सांगतं का?

सुरुवातीला मी स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलल्या. तिखटाच्या जागी हळद, हळदीच्या जागी धनेपूड. त्या दिवशीच्या वरणाबद्दल मी बोलणार नाही. कुंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, मला हाताला धरून पलंगावर बसवलं, हातात मोबाईल दिला आणि दार लोटून घेतलं. झालं, तिथंच घात झाला. मोबाईलवर एक बाई बिटाचं सूप करत होती. बीट आणि अद्रक. रक्त शुद्ध होतं, बीपी उतरतं, पोट साफ होतं, चेहऱ्यावर तेज येतं. बाईचा चेहरा खरंच तेजस्वी होता. मी आरशात बघितलं. माझ्या चेहऱ्यावर तेजाला भरपूर जागा होती.

दुसऱ्या दिवसापासून मी सूप करायला लागलो. बीट सोलायचं, उकडायचं, मिक्सरमधून काढायचं. अद्रक किसून तुपात परतायचं, त्यावर ते लाल पाणी ओतायचं, मिरे कुटून टाकायचे, वरून लिंबू आणि सांबार. सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर बरं का, इडलीसोबतचं नव्हे. ती बाई सांगत होती, अद्रक बोटाच्या पेराएवढं घ्या. मला ते काही पटेना. अडतीच्या धंद्यात हात सैल सोडायची सवय. मी पंजाएवढं घेतलं.

घरात सगळ्यांना प्यावं लागायचं. कुंदा एक घोट घ्यायची आणि उरलेलं तुळशीला घालायची. तुळस वाळली, पण ते उन्हानं असेल. शेजारी माझा मोठा भाऊ राहतो, त्याच्या बायकोला, रंजनावहिनीला, मी रोज एक वाटी पोचवायचो. ती म्हणायची, भाऊजी, घसा साफ झाला. पुढं पुढं ती मला येताना बघून दाराला आतून कडी लावायची. आठवडाभर आमच्या घराला, अंगणाला, वाळत घातलेल्या कपड्यांनासुद्धा अद्रकाचा वास. ही वासाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमची एकुलती एक पोरगी प्राची. भंडाऱ्याला एका पतसंस्थेत नोकरी करते. तिला भंडाऱ्याजवळच्या शहापूरचं स्थळ सांगून आलं होतं. मुलगा निखिल, कृषी खात्यात. पसंती दोन्हीकडून झाली होती, आणि नुसती पसंती नाही, पोरीच्या चेहऱ्यावर ते तेज सूप न पिता आलं होतं. आता फक्त मुलाकडचे येऊन साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, आणि लग्नाची तारीख ठरवायची बाकी होती. ते यायचे होते होळीनंतरच्या गुरुवारी.

इथं तुम्हाला अजून एक सांगावं लागेल. याच्या आधी एक स्थळ माझ्यामुळं मोडलं होतं. ती मंडळी बैठकीत बसली होती आणि मला बसवेना, म्हणून मी मुलाच्या काकांच्या मोटारसायकलचं चाक बघायला गेलो, हवा जास्त वाटली म्हणून थोडी काढली, मग भरता येईना. ते जाऊ द्या. मुद्दा असा की आदल्या रात्री प्राची माझ्याजवळ येऊन बसली.

"बाबा, एक मागते. द्याल?"

मी म्हटलं, माग बेटा, काय पायजे ते माग.

"उद्या तुम्ही एका जागी बसून राहा. बाकी काही नका करू. मले हे घर आवडलं आहे."

पोरीचे डोळे भरले होते. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. त्या क्षणी माझ्या मनात काही म्हणजे काही खोट नव्हती.

मुलाचे वडील दामोदरराव. माणूस शिस्तीचा, पांढऱ्याशुभ्र कपड्यातला, कमी बोलणारा. त्यांनी फोनवर दोन गोष्टी आधीच सांगून ठेवल्या होत्या. एक, बीपी आहे, तळलेलं आणि गोड चालत नाही. आणि दुसरी रंगाबद्दल. कारण आमच्याकडे रिवाज असा की होळी ते रंगपंचमीच्या मधे नवे व्याही दारात आले तर त्यांना कोरडं परत पाठवायचं नसतं. पाठवलं तर तो त्यांचा अपमान. दामोदररावांचं म्हणणं, रिवाज आहे तर रंग टाका, पण पळसाचाच. बाजारचा केमिकलवाला रंग एकदा लागला होता तर महिनाभर अंगावर चट्टे होते. तो लागला तर मी उठून जाईन, असं त्यांनी शांतपणे सांगितलं होतं.

कुंदानं ते मनावर घेतलं. तिचं माहेर नाकाडोंगरीचं, जंगलाच्या कडेला. तिथं पळसाला तोटा नाही. पण आठवडाभर आधी वादळवाऱ्यात फुलं झडून गेली होती. तिच्या भावानं धाडून धाडून एक छोटी पिशवी धाडली. सकाळी मागच्या अंगणातल्या चुलीवर जर्मनच्या गंजात तिनं ती फुलं उकळायला ठेवली. गंज म्हणजे आमच्याकडे पातेलं, आणि जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम. ही गंजांची जोडी तिच्या माहेरहून आली होती, दोन्ही सारखे, अगदी जुळ्या भावांसारखे.

आता त्या जोडीतला दुसरा गंज कुठं होता? बरोबर. त्याच चुलीच्या दुसऱ्या तोंडावर, माझ्या सुपाचा. तळलेलं चालत नाही, गोड चालत नाही, बीपी आहे, मग व्याह्यांचं स्वागत कशानं करायचं? मी कुंदाला म्हटलं, देवानंच योग आणला. कुंदा म्हणाली, देवाचं नाव कायले घेता. पण तिच्याजवळही दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून तिनं चुलीत अजून एक लाकूड सारलं.

पळसाचा रंग फिकट उतरला. फुलंच कमी, काय करणार? तेव्हा कुंदानं माझ्या बिटाची सालं उचलली, स्वच्छ धुतली आणि रंगाच्या गंजात टाकली. रंग असा छान लाल झाला की बघत राहावं. मग तिनं तो फडक्यातून गाळला. मी इकडे, पाहुण्यांना कमी पडू नये म्हणून, सुपात पाणी वाढवत होतो. म्हणजे आता अंगणात दोन सारखे गंज, दोन्हींत लाल पाणी, आणि वास सगळीकडे अद्रकाचा. कुंदानं दोन्ही उतरवून, निवल्यावर झाकण घालून ठेवले. दाराजवळ सूप, भिंतीजवळ रंग. रंजनावहिनीला बोलावून दोनदा सांगितलं, भिंतीजवळचा रंगाचा. मला तिसऱ्यांदा सांगितलं, आणि म्हणाली, आता समोर जाऊन बसा.

मी जाऊन बसलो. खरंच बसलो. खुर्चीवर, हात मांडीवर. घड्याळाकडे बघितलं. पंख्याकडे बघितलं. मग मनात आलं, दाराजवळ ऊन येतं. सूप उन्हात राहिलं तर नासेल. लिंबू पिळलेलं नाही अजून, पण तरी. उठून एकदा बघून यायला काय हरकत आहे? एका जागी बसायचा शब्द पाहुणे आल्यावरचा होता, त्याआधीचा नव्हता. असा मी स्वतःशी कायदा केला आणि मागं गेलो.

ऊन खरंच आलं होतं. मी सुपाचा गंज सावलीत भिंतीजवळ सरकवला. आता भिंतीजवळ दोन गंज झाले, ते काही बरोबर दिसेना. म्हणून रंगाचा गंज दाराजवळ आणला. रंगाला उन्हानं काय होतंय? जागा बदलली, मनाला बरं वाटलं. हे कुंदाला सांगायला मी स्वयंपाकघरात शिरणार, तेवढ्यात समोर गाडीचा हॉर्न वाजला. पाहुणे आले. आणि मी, आता एका जागी बसायचा शब्द लागू झाला म्हणून, पळत जाऊन खुर्चीवर बसलो. सांगायचं राहून गेलं.

दामोदरराव आले, त्यांच्या बायको आल्या, निखिल आला. नमस्कार झाले, हातपाय धुणं झालं, शहापूरहून यायला रस्त्यात ट्रक किती होते ते झालं. मी बसून होतो. आत पडद्याआडून प्राची मला बघत होती, आणि तिच्या तोंडावर मला शाबासकी दिसत होती. माझी छाती फुगली. पण बसलेल्या माणसाचं तोंड तर मोकळं असतं ना? मी सूप या विषयावर बोलायला लागलो. बिटात काय असतं, अद्रकानं काय होतं, माझा स्वतःचा अनुभव काय. मी त्यांना सांगितलं की हे सूप आमच्या घरी जो पितो तो पुन्हा मागतो.

कुंदा वाट्या घेऊन आली. तिनं दाराजवळच्या गंजातून त्या भरल्या होत्या. प्रत्येक वाटीवर लिंबू पिळलेलं, मिऱ्याची पूड, वर सांबाराची हिरवी पानं. अशा सुंदर वाट्या की बघून कुणालाही सूपच वाटावं. तिचा गुरुवारचा उपास, म्हणून तिनं चाखलं नव्हतं. मी चाखलं नव्हतं, कारण सकाळपासून चाखून चाखून माझी जीभ बधिर झाली होती. आणि पाहुण्यांना पुरायला पाहिजे होतं.

दामोदररावांनी पहिला घोट घेतला. थांबले. वाटीत बघितलं. दुसरा घोट घेतला.

मी विचारलं, "अद्रक लागलं का जी?"

ते थोडा वेळ विचार करून म्हणाले, "लागते. जरासं."

विहीणबाईंनी एक घोट घेऊन तोंडाला पदर लावला. निखिलनं डोळे मिटून वाटी रिकामी केली. काय सालस पोरगा! मला इतका आनंद झाला की मी उठणारच होतो, पण शब्द आठवला, म्हणून बसल्या बसल्याच कुंदाला हुकूम सोडला, इवायांना, म्हणजे व्याह्यांना, अजून एक वाटी दे. दामोदरराव नको नको म्हणत होते. मी म्हटलं, संकोच करू नका, घरचंच आहे. मुलीच्या बापाचं मन कसं मोडायचं? त्यांनी दुसरी वाटीही संपवली. आणि म्हणाले, "नैसर्गिक वाटते."

तारखेचं बोलणं निघालं. पंचांग काढलं. दामोदररावांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, म्हणाले, अक्षय्य तृतीयेच्या आसपास बघू. पडद्याआड बांगड्या वाजल्या. सगळं सुरेख चाललं होतं. आणि त्याच वेळी रंजनावहिनी मागच्या दारानं, भिंतीजवळचा गंज दोन्ही हातांनी धरून, पावलांचा आवाज न करता आत येत होती.

रिवाजात विनोद असा की व्याह्यांना सावध होऊ द्यायचं नसतं. वहिनीनं तो बरोबर पाळला. गंज दामोदररावांच्या डोक्यावर पालथा केला आणि म्हणाली, "घ्या इवाईबुवा, पळसाचा!"

एक क्षण सगळे हसले. दामोदररावही हसले. पुढच्या क्षणी ते उभे राहिले. त्यांनी दोन्ही हात डोळ्यांवर धरले आणि त्या कमी बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून अशी आरोळी निघाली की समोरच्या रस्त्यावरची बकरी थांबली. पंजाभर अद्रक होतं हो त्यात! आणि मिरे! पांढरा कुर्ता बिटासारखा लाल, मिशांतून थेंब गळताहेत, आणि माणूस आंधळ्यासारखा चाचपडतोय. निखिल पाण्यासाठी धावला. कुंदानं तांब्या आणला. पाण्याचे हबके मारता मारता विहीणबाईंचा आवाज चढला.

"केमिकल टाकलं न जी तुम्ही? सांगतलं होतं न आमी? एवढं सांगूनही?"

कुंदा शपथ घेऊन सांगत होती, पळसच आहे, माझ्या माहेरचा आहे. कोण ऐकतं? दामोदरराव डोळे मिटूनच म्हणाले, निखिल, गाडी काढ. बस, एवढंच. पडद्यामागच्या बांगड्या एकदम गप्प झाल्या, आणि ते मला त्या आरोळीपेक्षा जास्त ऐकू आलं.

आता सांगा, अशा वेळी कोणता बाप बसून राहील? शब्द गेला खड्ड्यात. माझ्या घरावर खोटेपणाचा आळ आला होता आणि पोरीचं लग्न डोळ्यांसमोर मोडत होतं. मी उठलो, ताडताड दामोदररावांजवळ गेलो आणि म्हटलं, केमिकल आहे म्हणता? केमिकल माणूस तोंडात घालते का? हे बघा. आणि मी त्यांच्या खांद्यावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांसमोर चाटलं.

जीभ बधिर होती, तरी ती चव मी कशी विसरणार?

"अरे," मी म्हटलं, "हे तं माह्यं सूप आहे!"

आणि आता नीट ऐका, कारण माझा खरा गाढवपणा इथून सुरू होतो. इथं मी थांबलो असतो तर सगळं निभावलं असतं. सूप म्हणजे केमिकल नाही, हे सिद्ध झालं होतं. विहीणबाईंचा चेहरा निवळला होता. वहिनी गंजाकडे आणि कुंदा माझ्याकडे बघत होती. कुंदाला सगळं कळून चुकलं होतं, आणि ती मला डोळ्यांनी, भुवयांनी, अख्ख्या तोंडानं सांगत होती की आता गप्प बसा. पण मला बसवतं का? ना बुडानं, ना तोंडानं.

मी पाहुण्यांकडे वळलो आणि अगदी मनापासून, काळजीनं विचारलं, "मंग तुमी काय पिले?"

विहीणबाईंचा हात गळ्याकडे गेला. निखिलनं रिकाम्या वाटीत वाकून बघितलं. दामोदररावांनी एक डोळा उघडला. तो डोळा आधी माझ्याकडे बघत होता, मग हळूहळू त्या दोन वाट्यांकडे गेला.

धरणी दुभंगावी असं म्हणतात ना, ती काही दुभंगली नाही. सिमेंटची फरशी होती. पण कुंदा पुढं आली. तिनं मागून रंगाचा गंज आणला, सगळ्यांसमोर मधे ठेवला, एक वाटी भरली आणि उभ्या उभ्या पिऊन टाकली.

"पळसाचं पाणी आहे, इहीनबाई," ती म्हणाली. "आमच्या नाकाडोंगरीले उन्हाळ्यात लेकरायले यानंच आंघोळ घालते. थंड राहते. अन् बिटाची सालं आहेत, धुतलेली. यापेक्षा एक थेंब दुसरा असन तं मी इथंच बसली आहो." मग जरा थांबून म्हणाली, "माह्या उपासालेही चालते."

तेव्हा पडदा बाजूला झाला आणि प्राची बाहेर आली. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. आईच्या हातातली वाटी घेतली, भरली, गटागटा प्यायली. डोळ्यांत पाणी, पण हनुवटी वर. आणि मग निखिलनं, त्या सालस पोरानं, आपली वाटी पुढं केली आणि म्हणाला, मलाही अजून थोडं दे. त्या पोरीच्या चेहऱ्याकडे बघवलं नाही मला. मी एका कोपऱ्यात उभा राहून रडलो, आणि डोळे पुसायला तेच सुपाचं बोट लावलं. मग अजून रडलो.

दामोदरराव खाली बसले. डोळे लाल, कुर्ता लाल. त्यांच्या मिशीवरून एक थेंब ओठावर उतरला होता, तो त्यांनी नकळत चाटला. त्यांचा चेहरा बदलला. पुन्हा एकदा चाटून बघितलं.

"इवाई, एक सांगा," ते म्हणाले. "हे तुमी मले प्यायले देणार होते?"

मी मान खाली घालून म्हटलं, हो जी.

"दोन वाट्या?"

"तुमी म्हटलं असतं तं तीन."

त्यांनी कुंदाकडे वाटी सरकवली. म्हणाले, "वहिनी, मले तो रंगच द्या थोडासा. तोंड जळून राहिलं." आणि मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, गेलं, आता रडतात की काय. तर तो माणूस हसत होता. आवाज न करता, पोट धरून, अद्रकाचं पाणी डोळ्यांतून गाळत. मग विहीणबाईंना हसू फुटलं, मग वहिनीला, मग सगळ्यांना. तारीख ठरली. जाताना दामोदररावांनी माझे दोन्ही हात धरले आणि लग्नासाठी एकच अट घातली. मला वाटलं, मानपान असेल. ते म्हणाले, "लग्नात तुमी एका जागी बसायचं."

लग्न झालं. मांडवात माझ्यासाठी वेगळी खुर्ची होती आणि येणारा जाणारा प्रत्येक जण, ओळखीचा असो नसो, विचारून जात होता, बसले का? बसलो होतो. पोरगी सासरी गेली, सुखात आहे. मी सूप सोडून दिलं. दुकानात परत जायला लागलो.

इथं संपलं असतं तरी माझी थोडी इज्जत राहिली असती. पण यंदाची होळी आली आणि शहापूरहून बोलावणं आलं, व्याही, या. मी तुमसरहून निघतानाच ओळखलं होतं की हे लोक गेल्या वर्षीचं उट्टं काढणार. माणूस पाहुणचाराला बोलावतो तेव्हा फोनवर इतकं हसत नाही. कुंदा म्हणाली, काहीही झालं तरी तुम्ही बसून राहा. मी म्हटलं, या वेळी मी बसून नाही, सावध राहणार.

पोचलो. मला मधल्या खुर्चीवर बसवलं. समोर दामोदरराव, पांढऱ्याशुभ्र कपड्यात. निखिल कोपऱ्यात मोबाईल उभा धरून, माझा व्हिडिओ काढायच्या तयारीत. विहीणबाई आतून एक वाटी घेऊन आल्या. लाल पाणी. वर सांबाराची पानं. ओठ दाबून हसत होत्या. म्हणाल्या, घ्या इवाईबुवा, खास तुमच्यासाठी केलं.

मी वाटीकडे बघितलं. निखिलच्या मोबाईलकडे बघितलं. सगळे माझ्या तोंडाकडे टक लावून होते. मनात म्हटलं, वा रे वा. मला रंग पाजता? अडतीच्या दुकानात केस पांढरे केले मी. खालून भुसा भरलेलं पोतं वरून ओळखतो.

मी वाटी हातात घेतली. ओठाजवळ नेल्यासारखी केली. आणि मग चपळाईनं उठून दामोदररावांच्या डोक्यावर ओतली. "पळसाचा, इवाई!" म्हणून मोठ्यानं हसलो.

माझ्याशिवाय कोणी हसलं नाही. आणि तेवढ्यात स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत प्राची बाहेर आली, चेहरा असा फुललेला, डोळे माझ्यावर.

"बाबा, पिऊन पायलं काय? तुमच्यासारखंच सूप केलं मी. तुमची लय याद येत होती."

माझ्या हातात रिकामी वाटी. समोर दामोदरराव, डोळे मिटलेले, मिशांतून लाल थेंब गळताहेत. मी जागच्या जागी खुर्चीवर बसलो. त्यांनी हळूच जीभ बाहेर काढली, मिशी चाटली, थोडा विचार केला.

"अद्रक बेताचं आहे," ते म्हणाले. "इवाई, पोरगी तुमच्यावर नाही गेली."